बोचक्यासाठी तंबू

कापडाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही, आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं शिलाई मशीन चालवतोय. कापड नुसतं चिमटीत धरलं की धुतल्यावर किती आटेल ते सांगतो. त्यामुळे आमच्या सासूबाई जेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, तंबू आणायला एकटे जाऊ नका हं, मी येते," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

तंबू कशाला, तर त्याची गोष्ट अशी. आमच्या बाईसाहेब पाणी मोजतात. ओढ्याला पाणी किती चढलं, कधी चढलं, कधी ओसरलं, याच्या नोंदी ठेवणारं एक खातं असतं, तिथे ती तीन वर्षं तात्पुरती नोकरीला आहे. कायम व्हायचं तर एक कॅम्प पुरा करावा लागतो. डोंगरातल्या ओढ्याकाठी बारा दिवस तंबूत राहायचं. पाऊस पडून ओढा चढायला लागला की पाण्यात रोवलेली पट्टी दर दहा मिनिटांनी वाचायची, ती पाणी उतरेपर्यंत. एक नोंद जरी हुकली तरी मुसळ केरात. मागच्या वर्षी हिचा कॅम्प राहिला, कारण तेव्हा आमचं बोचकं पोटात होतं. यंदा राहिला तर नाव यादीतून कटणार होतं.

बोचकं म्हणजे आमचं बाळ. जन्मल्यावर नर्सबाईंनी गुंडाळून हातात दिलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हे तर बोचकं!" आणि तेच नाव चिकटलं. दहा महिन्यांचं झालं तरी अजून अंगावर पितं. बाटली दाखवली की असं तोंड फिरवतं, जसं काही आपण त्याचा अपमानच केला. म्हणजे आई जाणार तिथे बोचकं जाणार, आणि बोचकं जाणार तिथे सांभाळायला मी जाणार. दुकानाला बारा दिवस कुलूप. ठरलं.

हिच्या मॅडमनी परवानगी दिली, पण कशी? "कॅम्प म्हणजे पाळणाघर नाही. खात्याचे तंबू जुने आहेत, गळतात. बाळासाठी तुमचा तुम्ही आणा. आणि बाळापायी तू एकदा जरी पट्टी सोडून हललीस, तरी पहिल्या गाडीने घरी. मी माझी दोन्ही पोरं आईकडे टाकून कॅम्प केलेत." झालं. ही घरी आली ती पडलेल्या तोंडाने.

"तंबू मिळेल रे," ती म्हणाली. "पण मी तिकडे उभी असेन आणि जीव इकडे असेल. पाऊस आला की मला पट्टी दिसायचीच नाही, बोचकंच दिसेल. मग कसल्या नोंदी?"

"असा तंबू आणतो की तुला काळजीच राहणार नाही," मी म्हणालो. बोलायला काय जातं? पण बोललो खरा.

आता सासूबाईंविषयी. आमच्या शेजारच्याच गल्लीत राहतात. रेनकोटच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी, तीही तपासणीच्या खोलीत. काम काय, तर अंगात फिक्या निळ्या रंगाचे सुती कपडे घालायचे, वर नवा रेनकोट चढवायचा आणि फवाऱ्याखाली अर्धा तास उभं राहायचं. बाहेर येऊन रेनकोट काढला की सुती कपड्यावर जिथे गडद ठिपका, तिथे रेनकोट नापास. "मी भिजायचा पगार घेतलाय," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. मी मनात म्हणायचो, यात काय एवढं? उभं तर राहायचं!

दुकानात गेलो. बोचकं माझ्या कडेवर, सासूबाई पुढे. दुकानदार उत्साही माणूस. "हा बघा, दोन सेकंदांत उघडतो!" म्हणत त्याने एक गोल चपटी पिशवी हवेत फेकली. तंबू फाडकन उघडला आणि त्याच्याच चहाचा कप आडवा झाला.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "आता मिटा."

पुढची दहा मिनिटं तो माणूस त्या तंबूशी कुस्ती खेळत होता. बोचकं टाळ्या पिटत होतं. शेवटी त्याने तो तसाच कोपऱ्यात ढकलला.

मला आवडला तो एक मोठा, खिडक्यांचा, आत ताठ उभं राहता येईल असा. खोलीच म्हणा ना. "हाच घेऊ," मी म्हणालो. "बाळाला मोकळं वाटेल."

"वाऱ्यालाही हाच आवडेल," सासूबाई म्हणाल्या. "एवढी उंच भिंत मिळाल्यावर तो ढकलून बघणारच."

मग त्यांनी एक बुटका, लांबट तंबू काढायला लावला. मला तो बघताक्षणी आवडला नाही, पण हात लावला आणि गप्प झालो. कापड सरस होतं. आत एक पातळ, हवा खेळणारा थर आणि वरून दुसरं जाड आवरण, दोघांत वीतभर पोकळी. सासूबाई दुकानदारालाच समजावून सांगायला लागल्या, "एकच थर असला की आतल्या माणसांच्या श्वासाचं पाणी होतं आणि तेच अंगावर टपकतं. रेनकोट घालून पळून बघा कधी. बाहेरून कोरडे, आतून चिंब." तळाचं कापड चारी बाजूंनी हातभर वर घेतलेलं, म्हणजे खालून पाणी शिरायला नको. दारापुढे छोटासा आडोसा, ओल्या चपला तिथे. आणि वरच्या आवरणाच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली.

सासूबाई आत गेल्या आणि चक्क आडव्या झाल्या. पाय दारातून बाहेर. बॅटरी लावून एकेक शिवण बघत राहिल्या. दुकानात तोपर्यंत बघे जमले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा मिनिटांनी आतून आवाज आला, "इथे पट्टी सुटलीय. दुसरा नग काढा!"

दुसरा नग घेऊन घरी आलो. त्याच संध्याकाळी गच्चीवर परीक्षा. सासूबाई आपले जुने निळे कपडे घालून आत बसल्या, बाहेरून मी पाइपने पाणी मारत होतो. एक तास. वरून मारलं, बाजूने मारलं, राग काढल्यासारखं मारलं. बाहेर आल्या त्या खडखडीत कोरड्या. "पास," म्हणाल्या. माझी बायको त्यांच्या गळ्यातच पडली. कितीतरी दिवसांनी तिला अशी हसताना बघत होतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घरात शिंपी असला की असं सरळ काही संपत नाही.

झालं काय, की बोचक्याला झोळीत झोपायची सवय. जमिनीवर ठेवलं की पाच मिनिटांत टुकुटुकु बघायला लागतं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. तंबूच्या छताला आतून चार बंद शिवले, तर त्यात झोळी अडकवता येईल! आतला थर पातळ, तो वजन पेलणार नाही, म्हणून मी टाका थेट वरच्या आवरणापर्यंत नेला. दोन्ही थर एकत्र धरून, चौकोनात काट मारून, तिहेरी दोऱ्याने. असे चार बंद. हत्ती टांगला असता तरी तुटले नसते, इतकी पक्की शिलाई. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, तिकडे गेल्यावर दाखवू आणि वाहवा घेऊ.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई आल्या. तंबूची घडी त्यांना वेगळी दिसली. बाईची नजर म्हणजे नजर! उलगडून बघितलं, बंदांवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पाणी लावा."

"अहो आई, झालीय की परीक्षा! पास केलाय तुम्हीच."

"तो तंबू पास होता. हा वेगळा आहे. आमच्याकडे रेनकोटला साधं बटण लावलं तरी पुन्हा फवाऱ्याखाली घ्यायचो."

"माझ्या शिलाईत खोट काढताय?" मी चढ्या आवाजात म्हणालो. "आख्ख्या बाजारात विचारा, माझा टाका कधी उसवलाय का!"

"टाका उसवणार नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाणी लावा."

लावलं. या वेळी बायकोही आत बसली, मांडीवर बोचक्याची उशी घेऊन. मी पाइप धरून बाहेर उभा, मनात म्हणतोय, आता बघाच. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, आतून बायकोची हाक आली. आवाजच असा होता की मी पाइप टाकून आत घुसलो. चारही बंदांखाली थेंब लोंबत होते. टप, टप. खाली उशीवर चार ओले डाग. जिथे बोचक्याचं डोकं असणार, अगदी तिथे.

मी मूर्खासारखा बघत राहिलो. एवढी साधी गोष्ट! सुई म्हणजे भोक. प्रत्येक टाक्याला एक भोक. मी माझ्या हाताने त्या अभेद्य कापडाला दीडशे भोकं पाडली होती, आणि वर बारीक, सुबक टाका घातला म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. जितका टाका बारीक, तितकी भोकं जास्त. एखाद्या कारकुनाने ही चूक केली नसती. त्याला शिवताच आलं नसतं.

 बायको उशी उचलून खाली गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने बघतो तर ती कॅम्पसाठी भरलेली पिशवी रिकामी करत होती.

"हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? उद्या सकाळी गाडी येणार. दुसरा तंबू कुठून आणणार तू? आज दुकानं बंद." आणि मग तिचा बांध फुटला. "एक काम सांगितलं होतं तुला! एक! तुला कुणी सांगितलं होतं रे शिवायला?"

 खरं सांगतो, मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली. हिची तीन वर्षं माझ्या शहाणपणापायी पाण्यात जाणार होती. मी गच्चीवर गेलो. सासूबाई अजून तंबूतच बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मांडी घातली, कान धरले आणि म्हणालो, "आई, चुकलो. आता काय करू ते सांगा. सांगाल तसं करतो, एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द बोलणार नाही?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे आधी लिहून द्या." आणि हसल्या. जीव भांड्यात पडला माझा. "उसवा आधी. सगळे टाके. पण कापड ओढायचं नाही, भोक मोठं होईल."

बावीस वर्षांत जितक्या काळजीने मी काही शिवलं नव्हतं, तितक्या काळजीने उसवलं. दोरा निघाला की भोकाभोवतीचं कापड बोटाने चोळून जागेवर बसवायचं. मग वरचं आवरण उन्हात पूर्ण सुकवलं. सासूबाईंनी घरून एक जुना डबा आणला. त्यात रेनकोटच्या कापडाच्या चिंध्या, एक चिकटद्रव्याची ट्यूब, एक छोटासा लाकडी रूळ. स्पिरिटने जागा पुसली. ठिगळं कापायची कामगिरी मला मिळाली.

मी चौकोनी कापायला गेलो तर त्यांनी हातावर चापट मारली. "कोपरे ठेवायचे नाहीत. कोपरा आधी सुटतो. गोल कापा." मी गोल कापली. चार आतून, चार बाहेरून, आठही एकाच मापाची. त्या बाबतीत मात्र त्यांनी मान डोलावली. रूळ फिरवून हवा काढली आणि वर घरातली सगळी जाड पुस्तकं आणि पोळपाट ठेवून दिला.

"आणि झोळी?" मी हळूच विचारलं.

"बाळ जमिनीवर झोपेल. सगळी झोपतात."

दुसऱ्या दिवशी गाडी आठला येणार होती. साडेसहाला पुन्हा पाणी लावलं. या वेळी मी आत बसलो, सासूबाईंनी पाइप धरला. त्यांनीही राग काढल्यासारखंच मारलं, मी समजून गेलो. छताकडे बघून मान अवघडली. पाच मिनिटं, दहा, वीस, चाळीस. एक थेंब नाही! मी आतूनच ओरडलो, "पास!" बायको पायऱ्या चढून धावत आली, आत डोकावली, प्रत्येक ठिगळाखाली हाताचा तळवा लावून बघितला. तो कोरडा निघाला तशी खाली जाऊन पिशवी भरायला लागली. माझ्याशी अजून बोलत नव्हती, पण माझे कपडेही भरत होती.

कॅम्पवर जागा तिने निवडली. मी ओढ्याजवळची मऊ, सपाट, हिरवळीची जागा दाखवली तर म्हणाली, "ती मऊ का आहे, विचार केलास?" उंचवट्यावर, खडकाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून तंबू लावला. खुंट्या तिरक्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मी शब्द दिल्याप्रमाणे गप्प.

आणि सहा दिवस पाऊसच नाही! खडखडीत ऊन. मॅडम रोज आभाळाकडे बघून वैतागायच्या. बोचकं मात्र मजेत होतं. दुपारी वारा सुटला की तंबूचं कापड फडफडायचं आणि ते ऐकत जमिनीवर गाढ झोपायचं. झोळीची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. मी एवढा खटाटोप कुणासाठी केला होता देव जाणे.

सातव्या दिवशी दुपारी दोनला डोंगरामागून काळं आलं. ही नुकतीच बोचक्याला पाजून पट्टीवर गेली होती. हिची पट्टी वरची, आमच्यापासून चांगली अर्ध्या मैलावर, वळणापलीकडे, तंबू तिथून दिसतही नाही. आधी वारा आला, तोही कसला! खात्याचा एक तंबू डोळ्यांदेखत उखडला आणि अंथरुणासकट झाडीत गेला. तो होता खालच्या पट्टीवरच्या उंच पोराचा, ज्याला सगळे जिराफ म्हणायचे. मग पाऊस कोसळला. मी बोचक्याला घेऊन आत, चेन लावली, हवेसाठी वरची झडप उघडी ठेवली. कापडावर पाण्याचा असा मारा की मला माझंच बोलणं ऐकू येईना. बोचकं आधी दचकलं, ओठ काढला. मी त्याला पोटाशी धरून छताकडे बघत बसलो. चार गोल ठिगळं. माझी नजर तिथून हलेना.

एक थेंब नाही. खाली हात फिरवला, जमीन कोरडी. अर्ध्या तासाने बोचकं माझं नाक ओढून खेळायला लागलं. बाहेर आरडाओरडा चालला होता. फटीतून बघितलं तर जिराफ आपली पट्टी सोडून झाडीत गाद्या शोधत पळत होता. गेल्या त्याच्या नोंदी.

तेवढ्यात चेन उघडून मॅडमचं डोकं आत आलं. निथळत होत्या. त्यांनी तळाला हात लावला, मग बोचक्याच्या पाठीला, मग पायाला. बोचक्याने त्यांचं बोट पकडलं आणि सोडेचना. बाईंनीही ते लगेच सोडवून घेतलं नाही.

"मी वरच्या पट्टीवर चाललेय," त्या म्हणाल्या. "तिला काय सांगू?"

मला सांगायचं तर खूप होतं. पण म्हणालो, "आपणहून काही सांगू नका. तिने विचारलं, तर सांगा छान आहे."

पाऊस चारला थांबला. ओढा उतरायला साडेसहा वाजले. तोपर्यंत ही आली नाही. मी केळं कुस्करून भरवलं, बोचक्याने अर्धं खाल्लं, अर्धं माझ्या शर्टाला पुसलं. आणि मग उंचवट्यावरून ही येताना दिसली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, वही छातीशी धरलेली, मागून मॅडम.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक नोंद चुकलेली नाही," मॅडम मला म्हणाल्या, जशी काही मीच परीक्षा दिली होती. "या कॅम्पची पूर्ण वही हिची एकटीची. परत गेल्यावर कायमचा कागद मी स्वतः वर पाठवतेय." मग म्हणाल्या, "मी अर्धा तास तिच्याशेजारी उभी होते. वाट बघत होते, आता विचारेल, मग विचारेल. तिने एकदाही विचारलं नाही." आणि आपल्या गळक्या तंबूकडे निघून गेल्या.

ही आत आली. कोरडे कपडे घातले, बोचक्याला मांडीवर घेतलं, पाजायला लागली. मला वाटलं आता खूश होऊन बोलेल. बघतो तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अगं, काय झालं?"

"अरे, मला आठवणच आली नाही त्याची," ती म्हणाली. "पाऊस आला, ओढा चढायला लागला, आणि मी नुसती पट्टी बघत होते. दोनपासून साडेसहापर्यंत. एकदासुद्धा मनात आलं नाही, की आपल्याला एक बाळ आहे. मी कसली रे आई?"

माझा आनंद माझ्या अंगात मावेना. मी तिला मिठी मारली, बोचकं मध्ये दाबलं गेलं म्हणून ओरडलं, तरी सोडली नाही. मग चेन उघडून अर्धा बाहेर झालो आणि भिजलेल्या गाद्या पिळत बसलेल्या आख्ख्या कॅम्पला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "अहो, ऐकलंत का? माझी बायको लेकराला विसरली! साडेचार तास! पार विसरली!"